ऐकणारा अजून तयार नसेल तेव्हा



"फादर, किती वेळा सांगायचे? ऐकतच नाहीत!" ही तक्रार आपल्या धर्मग्रामात निरनिराळ्या तोंडून ऐकू येते. आईवडील ती मुलांविषयी करतात, रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक विद्यार्थ्यांविषयी करतात, मोठी भावंडे धाकट्यांविषयी करतात. खरे सांगायचे तर आम्ही धर्मगुरूही ती अधूनमधून करतोच. या तक्रारीच्या पोटात दोन प्रश्न दडलेले असतात. इतके दिवस सांगितले ते वाया गेले काय? आणि यापुढे सांगत राहावे, की गप्प बसावे?

या प्रश्नांचा विचार यहुदी लोकांनी फार दीर्घकाळ आणि फार बारकाईने केला आहे. शिकणे आणि शिकवणे ही त्यांच्याकडे उपासनेइतकीच पवित्र गोष्ट आहे. प्रभू येशू याच परंपरेत वाढला, सभास्थानात बसला, तिथेच शिकवू लागला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात ख्रिस्ती व यहुदी यांनी एकमेकांना जाणून घ्यावे, पवित्र शास्त्राचा अभ्यास व संवाद यांतून परस्पर आदर वाढवावा, असे आवाहन आहे. त्याला अनुसरून आज आपण यहुदी गुरूंकडून शिकवण्यातला धीर समजून घेऊ या. हे लोक आपल्याला परकेही नाहीत. मराठी बोलणारे यहुदी आपल्या कोकणात शेकडो वर्षे राहिले आहेत. त्यांच्याकडेही आपण येणारच आहोत.

१. मोशेचे ऐकले नाही, ते का?

निर्गमाच्या सहाव्या अध्यायात एक लहानसे वाक्य आहे, ते वाचताना आपण बहुधा पुढे निघून जातो. मोशे देवाकडून मोठी आनंदाची वार्ता घेऊन इस्राएल लोकांकडे येतो. गुलामगिरी संपणार, स्वतःची भूमी मिळणार! याहून चांगला निरोप कोणता? तरीही लोक त्याचे ऐकत नाहीत. शास्त्र त्याची कारणे देते: त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता आणि काम अतिशय कष्टाचे होते (निर्गम ६:९). मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ 'श्वास आखूड होणे' असा होतो. ज्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, त्याच्या कानात सुटकेची वार्तासुद्धा शिरत नाही.

येथे लक्षात घ्यावे की शास्त्र या लोकांना अविश्वासू म्हणत नाही, हट्टी म्हणत नाही. ते थकले होते एवढेच सांगते. आणि त्यांनी ऐकले नाही म्हणून देवाने आपला बेत रद्द केला नाही. त्यांची तयारी होईपर्यंत तो त्यांच्यासाठी काम करीत राहिला.

आपल्या ताथवडे परिसरात हे वाक्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी सकाळच्या मिस्सेत डुलक्या घेतो. हिंजवडीची नोकरी आणि रस्त्यावरची गर्दी यांत बारा तास घालवून आलेल्या आईला रात्री मुलांबरोबर रोझरी म्हणायला त्राण उरत नाही. शाळा आणि क्लास करून आलेले मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात जांभया देते. या सर्वांना 'श्रद्धा उरली नाही' असा शिक्का मारणे सोपे आहे. मोशेच्या लोकांची आठवण ठेवली, तर आपण आधी विचारू: याचा श्वास तर आखूड झालेला नाही ना?

२. एक रात्र आणि चार अक्षरे

प्रभू येशूच्या जन्माच्या थोडे आधी यरुशलेमेत हिल्लेल व शम्माय असे दोन मोठे गुरू होते. तालमूद या यहुदी ग्रंथात त्यांची एक गोष्ट आहे. एक परका मनुष्य शम्मायकडे आला आणि म्हणाला, मला तुमचे लिखित नियमशास्त्र मान्य आहे, पण तोंडी परंपरा मान्य नाही. फक्त लिखित भाग शिकवणार असाल तर मला आपल्यात घ्या. शम्मायने त्याला रागावून घालवून दिले. तो हिल्लेलकडे गेला. हिल्लेलने वाद घातला नाही. त्याला समोर बसवले आणि हिब्रू मुळाक्षरांतली पहिली चार अक्षरे ओळीने शिकवली. दुसऱ्या दिवशी त्याने तीच अक्षरे मुद्दाम उलट्या क्रमाने सांगितली. पाहुणा चक्रावला. काल तर तुम्ही वेगळे सांगितले होते, असे तो म्हणाला. तेव्हा हिल्लेलने त्याला दाखवून दिले की हे अक्षर कोणते, हेसुद्धा तो गुरूच्या शब्दावर विसंबूनच मानतो आहे. मग तोंडी परंपरेसाठीही तोच विश्वास टाकून पाहावा.

या गोष्टीत हिल्लेलने सत्य पातळ केले नाही. तोंडी परंपरा महत्त्वाची नाही असे तो म्हणाला नाही. पण ती कबूल कर म्हणून दारातच अडवूनही धरले नाही. ज्या पायरीवर तो मनुष्य उभा होता तिथून त्याने सुरुवात केली, आणि एक रात्र मध्ये जाऊ दिली. त्या रात्रीत विश्वास रुजायला जागा मिळाली.

शम्मायवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे, की प्रत्येकाचे प्रसन्न चेहऱ्याने स्वागत करावे ही शिकवण त्याच्याच नावावर आहे. म्हणजे धीराचे महत्त्व त्याला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि ऐनवेळी तसे वागता येणे यांत अंतर असते, हे आपण सगळेच अनुभवतो. हिल्लेलचे म्हणणे असे की तापट माणूस शिकवू शकत नाही आणि लाजणारा शिकू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात बांधलेल्या आहेत. शिकवणारा तापला की शिकणारा प्रश्न विचारायला लाजतो. मग तो शिकत नाही, आणि आपण म्हणतो, याचे लक्षच नाही.

३. चारशे वेळा शिकवणारा गुरू

तालमूदमध्येच रब्बी पेरिदा यांची कथा आहे. त्यांच्या एका शिष्याला प्रत्येक धडा चारशे वेळा सांगावा लागे, तेव्हा कुठे तो त्याला समजे. एके दिवशी रब्बींना एका सत्कार्यासाठी बोलावणे आले. त्यांनी नेहमीप्रमाणे चारशे वेळा धडा सांगितला, पण त्या दिवशी शिष्याच्या डोक्यात काहीच शिरले नाही. रब्बींनी विचारले, आज काय झाले? शिष्य म्हणाला, तुम्हांला बोलावणे आल्यापासून माझे मन ठिकाणावर नाही. आता गुरुजी उठतील, आता जातील, असेच वाटत राहिले. रब्बी म्हणाले, लक्ष दे, मी पुन्हा शिकवतो. आणि त्यांनी आणखी चारशे वेळा तो धडा सांगितला. कथेच्या शेवटी स्वर्गातून विचारणा होते: आयुष्याची चारशे वर्षे वाढवून हवीत, की तुला व तुझ्या पिढीला येणाऱ्या युगात वाटा हवा? रब्बी दुसरे मागतात, आणि देव त्यांना दोन्ही देतो.

चारशे हा आकडा ऐकून आपण थक्क होतो, पण या कथेचे मर्म शिष्याच्या उत्तरात आहे. त्या दिवशी त्याची बुद्धी कमी झाली नव्हती. गुरू उठून जाईल ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. आपली मुले, आपले वृद्ध आईवडील, कधी आपला जोडीदार 'ऐकत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या मनात हीच धास्ती असू शकते. समोर मोबाइल ठेवून, घड्याळाकडे पाहत सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला आपल्या शब्दांआधी आपली घाई ऐकू येते.

हिब्रू भाषेत धीराला 'सावलानूत' असा शब्द आहे. ओझे वाहणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. हमालासाठीचा हिब्रू शब्दही त्याच धातूचा. आपण धीर धरणे म्हणजे वाट पाहत बसणे असे समजतो. यहुदी भाषा सांगते की धीर म्हणजे दुसऱ्याचे ओझे काही काळ आपल्या खांद्यावर घेणे.

४. कोकणातला धडा

आता आपल्या मराठी मुलखात येऊ. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल समाज वाढला, अशी या समाजाची परंपरा आहे. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू विसरली. ते मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची गावांवरून पडलेली आडनावे आजही ओळखीची आहेत.

मग त्यांच्याकडे डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी गुरू आला. त्याच्या काळाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण समाजाच्या स्मरणात त्याची जागा पक्की आहे. या लोकांना हिब्रू येत नव्हते, अनेक सण ठाऊक नव्हते, प्रार्थनेतले 'शेमा' तेवढे मुखात टिकले होते. त्यांनी काय काय गमावले याची यादी करायला बसला असता, तर रहाबीला पुरते वर्ष लागले असते. त्याने काय केले? परंपरा सांगते, की त्याने निरनिराळ्या जातींचे मासे आणून स्त्रियांना रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. हे आम्ही खात नाही, असे त्या म्हणाल्या. मोशेच्या नियमशास्त्रातला तो नियम होता. ग्रंथ नव्हता, तरी स्वयंपाकघरात नियम जिवंत होता! शब्बाथचा विसावा आणि आठव्या दिवसाची सुंताही टिकून होती.

रहाबीने जे उरले होते त्यावर बांधायला घेतले. झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडून त्याने त्यांना शिकवले, आणि तेच पुढे समाजाचे 'काझी' झाले. सर्वांना सर्व काही एकदम शिकवण्याचा हट्ट त्याने धरला नाही.

पुढची पावलेही सावकाश पडली. मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांच्या शाळांत शिकून हा समाज ख्रिस्ती झाला नाही. तो स्वतःचे शास्त्र स्वतः वाचू लागला. शिकवणाऱ्याने कल्पिलेलेच पीक येईल असे नसते, आणि तरीही शिकवणे वाया जात नाही, हे येथे आपणा ख्रिस्ती लोकांना नम्रपणे समजून घेण्यासारखे आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० साली मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले, आणि जुन्या करारातल्या कथा मराठी कीर्तनातून रंगू लागल्या. ऐकणाऱ्याचा कान ज्या चालीला सरावला आहे, त्या चालीत सांगण्याची ही रीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले तेव्हा तीच रीत अवलंबिली होती.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' हिब्रू व मराठीत चित्रांसह छापली गेली. त्यातल्या स्त्रिया साडी नेसलेल्या दिसतात. कॅम्पातले 'लाल देऊळ' म्हणजे १८६७ सालचे ओहेल डेव्हिड सभास्थान आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिले आहे. रास्ता पेठेत बेने इस्राएलांचे सुक्कथ शेलोमो हे सभास्थान १९२१ पासून आहे.

या हग्गादेत चार मुलांचा उल्लेख येतो: एक शहाणा, एक उद्धट, एक साधाभोळा, आणि एक ज्याला प्रश्न कसा विचारावा हेही कळत नाही. चौघेही एकाच पंगतीला बसलेले आहेत, आणि प्रत्येकाला निराळे उत्तर द्यायचे आहे. चौथ्याने विचारण्याची वाट पाहू नये, आपणच त्याच्यासाठी सुरुवात करावी, असे तिथे सांगितले आहे. तयार नसलेल्याला पंगतीवरून उठवलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

रहाबीच्या उलट पद्धतीने काय होते, तेही याच समाजाला सोसावे लागले. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहाआधी पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. समाज दुखावला, निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि त्या सूचना बदलल्या गेल्या. एकाने विचारले होते, तुम्ही काय जपले? दुसऱ्यांनी विचारले, तुमच्यात काय कमी आहे? एका प्रश्नातून शिक्षक तयार झाले, दुसऱ्यातून जखम झाली.

५. देवाचा स्वतःचा धीर

मध्ययुगातील थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदिस (११३८-१२०४) यांनी या विचाराला आणखी खोली दिली. मनुष्याचा स्वभाव एका टोकावरून दुसऱ्या टोकाला एकदम जात नाही, म्हणून देवही लोकांना पायरीपायरीने नेतो, असे ते म्हणतात. मिसरातून सुटलेल्या लोकांना देवाने जवळच्या वाटेने नेले नाही, कारण लढाई पाहून ते मागे फिरले असते (निर्गम १३:१७). लांबची वाट हीच त्यांची शाळा झाली. शिष्यांना समजले नाही तर गुरूने रागावू नये, पुन्हा पुन्हा सांगावे, असा नियम त्यांनी घालून दिला. शिष्यानेही न समजता 'समजले' म्हणू नये.

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी मायमोनिदिस यांचे ग्रंथ आदराने वाचले होते. संत थॉमस शिक्षकाची तुलना वैद्याशी करतात. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याचे काम रोग्याच्या शरीरातली प्रकृतीच करते. तसेच शिक्षक मदत करतो, पण समजण्याचे काम शिकणाऱ्याच्या बुद्धीलाच करावे लागते. ते आपण त्याच्यासाठी करू शकत नाही, म्हणून घाईही करू शकत नाही. प्रभू येशूनेही शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना सांगितले की अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण आता ते तुम्हांला पेलणार नाही (योहान १६:१२). उरलेले त्याने पवित्र आत्म्यावर सोपवले.

६. धीर म्हणजे गप्प बसणे नव्हे

येथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. 'अजून तयार नाहीत' असे म्हणत आपण आपला भित्रेपणा तर झाकत नाही ना? यहुदी गुरूंनाही ही शंका होती. जे ऐकले जाईल ते सांगणे जसे कर्तव्य, तसे जे ऐकले जाणार नाही ते न सांगणेही कर्तव्य, असे तालमूद एके ठिकाणी शिकवते. पण त्याच तालमूदमध्ये असेही आहे की ज्याला घरातले, गावातले पाप थांबवता आले असते आणि ज्याने तोंड उघडले नाही, त्याच्यावर त्या पापाचा दोष येतो. लेवीय पुस्तकही शेजाऱ्याला कान उघडून सांगायला बजावते (लेवीय १९:१७).

हे दोन्ही कसे जुळवायचे? आम्हांस वाटते, एक कसोटी उपयोगी पडेल: वाट पाहण्याची किंमत कोण मोजतो आहे? मुलगा अजून प्रार्थनेत रमत नाही, तेव्हा वाट पाहण्याचा भार आईवडिलांवर पडतो. तो त्यांनी प्रेमाने वाहावा. पण नवरा दारू पिऊन बायकोवर हात टाकतो, ठेकेदार कंत्राटी कामगाराचा पगार बुडवतो, सासरचे हुंडा मागतात, तेव्हा वाट पाहण्याची किंमत दुसराच कोणी दुबळा मोजत असतो. तिथे समोरच्याची तयारी होईपर्यंत थांबणे याला धीर म्हणता येणार नाही. मोशेने इस्राएलांशी धीराने घेतले, पण फारोची तयारी होईपर्यंत तो महालाबाहेर थांबून राहिला नाही.

मायमोनिदिसही आणखी एक भेद करतात. विषय कठीण आहे किंवा बुद्धी अपुरी पडते म्हणून समजत नसेल, तर धीर. निव्वळ आळस असेल, तर शिक्षकाने खडसावावे. मात्र हा भेद ओळखण्यासाठी आधी माणूस जवळून ओळखावा लागतो, आणि त्यालाही वेळ द्यावाच लागतो.

७. आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामात वसईची, अहिल्यानगर व जालन्याची, गोव्याची, केरळची, झारखंडची कुटुंबे आहेत. कोणाच्या घरी रोझरी चुकत नाही, कोणाला प्रार्थना पाठ नाहीत, कोणी वर्षातून दोनदाच देवळात येतो. रहाबीप्रमाणे आपण त्यांच्या स्वयंपाकघरात काय जिवंत आहे ते आधी पाहू या. वर्षातून दोनदा येणारा मनुष्यही नोव्हेंबरात आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला विसरत नसेल. सुरुवात तिथून होऊ शकते.

या आठवड्यात घरी बसून पुढील प्रश्नांवर बोलावे:

१) आपल्या घरात 'ऐकत नाही' असे आपण कोणाविषयी म्हणतो? ती व्यक्ती थकलेली आहे, घाबरलेली आहे, की आळसावलेली?
२) तिने काय जपले आहे, हे आपण कधी तिला बोलून दाखवले आहे काय?
३) ज्याची किंमत दुसरा कोणी मोजतो आहे, अशा कोणत्या गोष्टीवर आपण 'धीराच्या' नावाखाली गप्प आहोत?

धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांस विनंती, की पुढील रविवारी नवा धडा न घेता मागचाच धडा पुन्हा घ्यावा, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. चारशे वेळा नको, दुसऱ्यांदा पुरे.

हे धीरवंत परमेश्वरा, आम्ही तयार नव्हतो तेव्हाही तू आमच्याशी बोलत राहिलास. आमच्या शब्दांतली घाई काढून घे, आणि जिथे बोलायलाच हवे तिथे आम्हांला धैर्य दे. आमेन.

आपले धर्मगुरू